माथा राहू दे, खांदा गाठा

'ताई, पुढच्या महिन्यात आम्ही पाच जण आठ दिवसांसाठी समुद्राकाठच्या एका गावी राहायला जातोय. समोर पाणी आणि पाठीशी लगेच डोंगर, अशी जागा आहे. मी अठ्ठावन्न वर्षांची. ह्यांचा उजवा गुडघा उतरताना दुखतो. बरोबर मुलगी, जावई आणि नऊ वर्षांचा नातू. जावयांनी हौसेनं चार दिवसांचे चार डोंगर ठरवलेत, चारही माथ्यापर्यंत. त्यातला एक तर नऊ तासांचा. मी रोज सपाटीवर चार किलोमीटर चालते, पण चढ लागला की मागे पडते. मुलगी प्रेमानंच म्हणाली, "आई, तुम्ही दोघं गॅलरीत बसून समुद्र बघा, आम्ही फोटो काढून आणू." तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. मला फोटो नकोत, स्वतःच्या पायांनी वर जाऊन समुद्र बघायचाय. पण माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर? कुठली वाट निवडू, आणि जावयांशी हे बोलू कसं? – मागे पडणारी'

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही जा. गॅलरीतला समुद्र संध्याकाळी परत आल्यावर असतोच. ह्यांनाही घेऊन जा. फक्त ती चार माथ्यांची यादी आहे तशी स्वीकारू नका. ती तुमच्या गुडघ्यांसाठी आणि नातवासाठी तर चुकीची आहेच, पण दृश्य बघायला निघालेल्या कुणासाठीही ती फारशी चांगली नाही.

किनाऱ्यालगतच्या डोंगरांत मी बरीच वर्षं फिरते आहे. तिथलं सर्वांत देखणं दृश्य बहुतेक वेळा माथ्यावर नसतं, खांद्यावर असतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. मुख्य डोंगराची एखादी सोंड समुद्राकडे उतरत येते, मध्येच जराशी सपाट होते आणि पुन्हा खाली झेपावते. त्या सपाट जागेला मी खांदा म्हणते. साधारण दोनशे ते पाचशे मीटर उंचीवर असे खांदे सापडतात, आणि तुमच्यासारखं रोज चालणारं माणूस तिथे नक्की पोचतं.

आता हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही, त्याला हिशेब आहे. समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर उभं राहिलं की क्षितिज साधारण ३६ किलोमीटरवर दिसतं. ४०० मीटरवर ते ७१ किलोमीटरवर जातं आणि ९०० मीटरवर १०७. म्हणजे उंची चौपट केली की नजर दुप्पट लांब जाते, आणि पुढची प्रत्येक वाढ आणखी महाग पडते. त्यात समुद्रावर बाष्पाचा धूसर पडदा असतो, त्यामुळे ती शेवटची तीस-चाळीस किलोमीटर तशीही क्वचितच दिसतात. पहिल्या तीन-चारशे मीटर चढाईत डोळ्यांना जे मिळतं, त्याच्या साधारण निम्मंच पुढच्या पाचशेत मिळतं.

शिवाय खांद्यावरून समुद्र जिवंत दिसतो. लाट उचलली जाते, खडकावर फुटते, फेस पसरतो, विरतो, आणि मग क्षणभरानं तिचा आवाज वर येतो. होडीमागची पांढरी रेघ दिसते. उथळ पाण्याचा फिका हिरवा रंग कुठे संपतो आणि गडद निळा कुठे सुरू होतो ती सीमा दिसते. हजार मीटरवरून हे सगळं एका निळ्या पत्र्यासारखं सपाट होऊन जातं. आणि आणखी एक, ज्या डोंगरावर आपण उभे असतो तो डोंगर आपल्याला दिसत नाही. केपटाउनच्या टेबल माउंटनवर (उंची सुमारे १०८५ मीटर) गेलात तर शहर आणि समुद्र दिसेल, पण ज्याच्यासाठी जग तिथे येतं तो सपाट माथ्याचा प्रचंड कडा दिसणार नाही. तो बघायचा तर शेजारच्या ६६९ मीटरच्या लायन्स हेडवर किंवा त्याला लागून असलेल्या जेमतेम ३५० मीटरच्या सिग्नल हिलवर जावं लागतं. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांत हजार मीटरच्या वरची शिखरं आहेत, पण पाहुण्यांची रीघ लागते ती ४४८ मीटरच्या राइनेब्रिंगनवर. वाटेची झीज थांबावी म्हणून तिथे नेपाळच्या शेर्पांनी दगडी पायऱ्या रचल्या, सुमारे दोन हजार. (ह्यांच्या गुडघ्यासाठी मात्र ती वाट नको, कारण त्या सगळ्या पायऱ्या उतरायच्याही असतात.) हाँगकाँगच्या ड्रॅगन्स बॅक वाटेवरचं सगळ्यात उंच टोक तर २८४ मीटरचं आहे. म्हणजे ही काही माझ्या एकटीची आवड नाही.

खांदा निवडण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र ढग.

सकाळी ऊन वाढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून दमट वारा आत येतो. समोर डोंगर असतो. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. चढणारी हवा दर शंभर मीटरला साधारण एक अंश थंड होते, आणि एका ठरावीक उंचीवर तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात. तोच तो माथ्याला गुंडाळलेला ढग. टेबल माउंटनवर आग्नेय वारा सुटला की असा ढग पसरतो, त्याला तिथे टेबलक्लॉथच म्हणतात. गंमत अशी की तेव्हा खाली किनाऱ्यावर लख्ख ऊन असू शकतं. म्हणून राहत्या जागेच्या खिडकीतून आकाश बघून वरच्या हवेचा अंदाज बांधू नका. माथा दिसतोय का, एवढंच बघा.

आम्ही एकदा हे बघूनही मानलं नाही. सहा जण होतो. साडेअकराला खांद्यावर पोचलो, माथा समोर पाऊण तासावर, आणि त्याला ढगाची एक चिंधी अडकलेली. दोघी दमल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. आम्ही चौघं निघालो. वीस मिनिटांत पुढच्या माणसाची सॅक दिसेना. चष्म्यावर मोहरीपेक्षा बारीक थेंब जमायचे, पुसले की पुन्हा जमायचे. लाटांचा आवाज तर चारी बाजूंनी आल्यासारखा वाटायला लागला, दिशाच कळेना. माथ्यावर दगडांची एक रास होती आणि भोवती नुसतं पांढरं. उतरताना एक फाटा लागला, तो चढताना कुणाच्याच लक्षात राहिलेला नव्हता. शेवटी तिथेच दगडाला टेकून बसलो. तासाभरानं ढग जरा हलला तेव्हा दिसलं, फाट्याची डावी वाट गवतातून तीसेक पावलांवर कड्याच्या तोंडाशी जाऊन संपत होती.

खांद्यावर परतलो तर तिथे ऊन होतं. त्या दोघींनी मधल्या वेळात मच्छीमारांच्या होड्या एकामागून एक किनाऱ्याला लागताना पाहिल्या होत्या, कड्यात घरटं असलेल्या शिकारी पक्ष्याला पिल्लांकडे येता-जाताना पाहिलं होतं. आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून किनारी डोंगरात मी एक गोष्ट कधीच मोडत नाही. माथ्यावर ढग टेकलेला दिसला की खांद्याच्या वर जायचं नाही. आणि वाट चुकलीच, तर 'खाली उतरत गेलं की कुठेतरी पोचूच' हा हिशेब इथे करायचा नाही. समुद्राकडचा उतार बऱ्याचदा कड्यावरच संपतो.

म्हणून पहाटे निघा. पहिल्या उजेडात पायवाटेवर असलात तर नऊ-साडेनऊपर्यंत खांदा, आणि ढग चढायच्या आत खाली.

पण थांबा, काही किनारे असे आहेत जिथे माझा हा नियम उलटा होतो. कॅलिफोर्निया, पेरू, चिली, नामिबिया इथे किनाऱ्याजवळून थंड प्रवाह वाहतो. थंड पाण्यावरची दमट हवा गारठून धुक्याचा जाड थर तयार होतो आणि सकाळी तोच खालच्या उतारांवर बसलेला असतो. अशा ठिकाणी पहाटे खांद्यावर गेलात तर धुक्यातच चालाल, आणि त्याच वेळी माथ्यावर ऊन असेल. तिथे एक तर दुपारी धुकं ओसरेपर्यंत थांबायचं, नाहीतर रस्त्यानं जितकं वर जाता येईल तितकं गाडीनं जाऊन थराच्या वरून सुरुवात करायची. तुम्ही गावाचं नाव कळवलं नाहीत, म्हणून तुमचा किनारा कुठल्या जातीचा ते मला सांगता येत नाही. पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी राहत्या घरच्या माणसाला विचारा, 'इथे ढग सकाळी असतो की दुपारी?' त्या एका उत्तरावर तुमच्या आठ दिवसांचं वेळापत्रक बसवा.

आता वाट निवडायची कशी ते सांगते. फलकावर किंवा नकाशावर किलोमीटर लिहिलेले असतात आणि आपण ते आपल्या रोजच्या फेरफटक्याशी ताडून बघतो. इथेच फसगत होते. व्हँकुव्हरजवळ ग्राउस ग्राइंड नावाची वाट आहे. लांबी तीन किलोमीटरसुद्धा नाही, पण तेवढ्यात सुमारे ८०० मीटर चढ. तुमच्या चार किलोमीटरच्या सवयीचा तिथे काहीच उपयोग नाही. चढाचे मीटर आधी बघा, किलोमीटर नंतर.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो अजून वापरात आहे. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन आठ किलोमीटरची वाट आहे आणि चढ ४५० मीटर. आठ किलोमीटरचे साधारण एक तास छत्तीस मिनिटं, चढाचे पाऊण तास, म्हणजे जवळपास दोन तास वीस मिनिटं. हा सराईत माणसाचा वेळ आहे, आणि त्यात विसावा धरलेला नाही. तुमच्या पाच जणांसाठी मी त्याचे चार तास करीन. दोन तास वीस मिनिटं हे उत्तर बघून जावयांनी बेत आखला तर तुम्ही मागे पडणारच, आणि दोष मात्र तुम्ही स्वतःला द्याल.

महिना हातात आहे, तेवढ्यात जिन्यावर तयारी करा. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा असतो, म्हणजे तीनशे मीटर चढ हे शंभर मजले झाले. घाबरू नका, ते दोन तासांत आणि वळणावळणानं चढायचे असतात. आज दहा मजले, म्हणजे तोच जिना दोन-तीनदा, बोलता येईल इतक्याच वेगानं. आठवड्याला पाच-सात मजले वाढवा. पंचवीस-तीस मजले न धापता जमले की खांद्याएवढा दम तुमच्यात आला म्हणायचं. लिफ्टनं खाली येऊ नका. पोटऱ्या आणि दम चढताना कमावता येतात, पण मांड्या तयार होतात त्या उतरताना, आणि गुडघ्याला सावरणारे स्नायू तेच.

यावरून ह्यांच्या गुडघ्याकडे वळते. ज्याचा गुडघा दुखतो त्याला लोक विचारतात 'चढवेल ना?', आणि विचारायला हवं 'उतरवेल ना?'. उतारावर प्रत्येक पावलाला सगळा भार रोखून धरावा लागतो, तो गुडघ्यावर येतो. आधी डॉक्टरांना दाखवून त्यांचा सल्ला घ्या, मग दोन काठ्या घ्या. एक नव्हे, दोन. उतरताना त्या जरा लांब करून आधी पुढे टेकवायच्या, मग पाऊल. पावलं आखूड टाकायची, घसारा असेल तिथे तिरकं उतरायचं. आणि शक्य असेल तर गोल फिरून येणारी वाट निवडा, तिचा उभा चढ जाताना घ्या आणि सौम्य सोंडेवरून परत या. बरेच जण नेमकं उलटं करतात, सुरुवातीला सोपं हवं म्हणून सौम्य बाजूनं चढतात आणि थकल्या पायांनी उभ्या घसाऱ्यावरून उतरतात. काही ठिकाणी चढून जावं आणि रोपवेनं खाली यावं अशी सोय असते, टेबल माउंटनवर १९२९ पासून आहे. ह्यांच्यासाठी ती उत्तम, पण वारा वाढला की रोपवे बंद होतो. निघण्याआधी चौकशी करा, आणि तो बंद पडला तरी पायी उतरता येईल एवढाच डोंगर निवडा.

ह्यांना अजिबात उतार झेपणार नसेल त्या दिवसासाठी आडव्या वाटा शोधा. डोंगराच्या कमरेवरून, उंची फारशी न बदलता, समुद्र सतत एका हाताला ठेवून जाणाऱ्या. पोर्तुगालच्या मदैरा बेटावर पाण्याचे जुने पाट आहेत, त्यांना लेवाडा म्हणतात. पाणी वाहायचं तर उतार अगदी मंद ठेवावा लागतो, म्हणून पाटाच्या कडेची वाटही जवळजवळ सपाट असते. दुखऱ्या गुडघ्यासाठी यापेक्षा चांगली वाट मी पाहिलेली नाही. पण दोन गोष्टी आधी विचारून घ्यायच्या. अशा वाटांना कुठे बोगदे असतात, तिथे टॉर्च लागतो. आणि कुठे वाट अरुंद होऊन एका बाजूला थेट खोल दरी असते. तुमच्यापैकी कुणाला दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली बघायची भीती, असेल तर ते निघायच्या आधी मोकळेपणानं सांगू द्या. कड्याच्या मधोमध ते कबूल करण्याची वेळ कुणावर यायला नको.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीकडे येते.

तुम्ही मागे का पडता, माहीत आहे? पुढचे लोक भराभर जातात, मग थांबून तुमची वाट बघतात. दहा मिनिटं त्यांचा विसावा होतो. तुम्ही धापा टाकत पोचता आणि तेवढ्यात ते उठतात, 'आलात? चला!' सगळ्यांत जास्त विसावा ज्याला हवा त्याला तो कधी मिळतच नाही. दोन तासांत असं पाच-सहा वेळा झालं की कुणाचेही पाय गळतील. यात तुमच्या वयाचा दोष फार थोडा आहे. बरोबर कुणी जाणता वाटाड्या असला तर तो सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतो आणि सगळ्यांत दमदार माणसाला शेवटी. तुम्ही पुढे चाला. तुमच्या मागे नातू, मग ह्यांना ठेवा, मग मुलगी, आणि शेवटी जावई. तुमचा वेग हाच सगळ्यांचा वेग. थांबायचं कधी, हे तुम्ही ठरवायचं, आणि उठायचं कधी तेही. नऊ वर्षांचा मुलगा पहिल्या अर्ध्या तासात तुम्हाला ओलांडून धावेल, मग एकदम बसकण मारेल. आजीच्या मागं चालला तर तो शेवटपर्यंत टिकतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

जावयांशी बोलताना 'आम्हाला जमणार नाही' अशी सुरुवात करू नका. तसं म्हटलं की ते प्रेमानं म्हणतील, 'मग तुम्ही आराम करा,' आणि तुम्ही पुन्हा गॅलरीत. त्यांच्या हौसेला धक्का न लावता बेत समोर ठेवा. असं काहीतरी म्हणा, 'तुमचा तो नऊ तासांचा डोंगर तुम्ही दोघं नक्की करा, एक अख्खा दिवस तुमचा. त्या दिवशी नातू आमच्याकडे. बाकीच्या दोन दिवशी आपण सगळे मिळून खांद्यापर्यंत जाऊ, पुढे मी चालेन.' मुलीलाही नवऱ्याबरोबर एक दिवस मोकळा मिळेल, आणि तो तिला हवा असेल असं मला वाटतं. चार माथ्यांचा एकच राहिला याचं त्यांना वाईट वाटलं, तर वर लिहिलेला क्षितिजाचा हिशेब त्यांना वाचायला द्या.

आठ दिवसांचा आराखडा मी असा करीन. पहिल्या दिवशी डोंगर नको. राहत्या जागेजवळचं समुद्रात घुसलेलं एखादं टेकाड बघा, तासा-दीड तासाचं. तिथून सगळी रांग दिसते, कुठला खांदा कुठे आहे ते बोट दाखवून ठरवता येतं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पहिला खांदा. मग एक दिवस पायांना सुट्टी, नुसता किनारा. मग जावई-मुलीचा मोठा डोंगर आणि तुमची आडवी वाट. त्यानंतर आणखी एक खांदा. उरलेले दिवस रिकामे ठेवा, कारण हवा तुमच्या आरक्षणानुसार चालत नाही, आणि रिकामा दिवस हाताशी असला की ढगातून परत फिरताना जीव तुटत नाही. काही नावाजलेल्या वाटांना आधी परवाना लागतो किंवा रोजच्या माणसांची संख्या ठरलेली असते. हवाईतल्या कलालाउ वाटेवर हनाकापिआई किनाऱ्याच्या पुढे परवान्याशिवाय जाता येत नाही. हे काम निघण्यापूर्वी उरकून टाका.

किनाऱ्याच्या दिवशीही बेसावध राहू नका. कड्याखालच्या वाळूवरून चालत दुसऱ्या खाडीत जायचा मोह होतो, आणि परत येईपर्यंत वाट पाण्याखाली गेलेली असते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर असतं, म्हणजे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त आत येतं. ओहोटी सुरू असतानाच निघा आणि पाणी तळाला जाईपर्यंत परत फिरा. ओल्या खडकावर उभं राहून समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. तो खडक ओला आहे याचा अर्थच पाणी तिथवर येऊन गेलंय.

डोंगरावर कड्याची धार फसवी असते. समुद्राकडून लाटांनी आणि वाऱ्यानं ती खालून पोखरलेली असू शकते, वरून मात्र छान गवत दिसतं. धारेपासून दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवा, आणि नातू नेहमी डोंगराच्या बाजूला, मोठं माणूस समुद्राच्या बाजूला. खिंडीत शिरताना त्याचा हात धरा. दोन उंचवट्यांमधून वारा एकदम चेपून येतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाचं वजन ते किती!

त्याच वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, घाम दिसायच्या आत वाळतो आणि तहान लागल्याचं कळत नाही. तासाला अर्धा लिटर पाणी प्रत्येकी धरा. चार तासांच्या वाटेला दोन लिटर, आणि ते निघतानाच सॅकमध्ये हवं. धारेवर पाणी मिळेल असं गृहीत धरू नका. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी, नाहीतर ती पहिल्याच वळणावर समुद्रात जाईल. एक वाऱ्याचं जाकीट प्रत्येकाकडे, खाली कितीही उकडत असलं तरी.

प्रकाशाबद्दल एक सांगायचं राहिलं. समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पाण्याचे खरे रंग तेव्हाच दिसतात. दुपारनंतर तोच समुद्र डोळ्यांत चकाकतो, रंग पुसले जातात. म्हणजे ढगासाठी आणि रंगासाठी दोन्हीसाठी सकाळच बरी. सूर्यास्त मात्र पहिल्या दिवसाच्या त्या जवळच्या टेकाडावरून बघा, खांद्यावरून नको. विषुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशात सूर्य बुडाल्यावर चालण्याजोगा उजेड वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो. तेवढ्यात दुखरा गुडघा खाली येत नाही. समुद्र पूर्वेला असेल तर उलटं, सकाळी चकाकी आणि सूर्योदय, दुपारी रंग. तिथे काय निवडायचं ते तुमच्या ढगाच्या वेळेवर ठरवा.

प्रत्येक दिवशी निघतानाच परतीची वेळ ठरवा, ठिकाण नव्हे. 'साडेदहाला जिथे असू तिथून मागे फिरायचं' असं सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या, विशेषतः जावयांच्या मोठ्या डोंगराच्या दिवशी. ते दोघं कुठल्या वाटेनं गेलेत आणि किती वाजता खाली अपेक्षित आहेत हे कागदावर लिहून तुमच्याकडे ठेवायला सांगा. त्या भागाचा आपत्कालीन क्रमांक पाचही फोनमध्ये, नकाशा नेटवर्कशिवाय उघडेल असा उतरवून घेतलेला. संकटाची एक खूण बऱ्याच डोंगरी मुलखांत ओळखली जाते. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं.

बूट आजच आणा, निघायच्या आदल्या आठवड्यात नको. तुमच्या रोजच्या चार किलोमीटरला तेच घाला म्हणजे महिन्याभरात ते पायाला सरावतील. उतरताना बोटं पुढे दाबली जातात, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेला जोड घ्या आणि दुकानात संध्याकाळी जा, पाय जरा सुजलेले असतात तेव्हा. आणि शिट्टी नातवाच्या सॅकच्या पट्ट्याला बांधा. तो ती वाजवून बघणारच, तेव्हा एकदा घरीच बसवून त्याच्याकडून सहा शिट्ट्या मोजून वाजवून घ्या.